वीट आखायची ती सांध्यापासून: भिंतीसाठी चांगल्या विटा आणि ब्लॉक

नवी वीट किंवा ब्लॉक आखायला बसलं की बहुतेकांचा हात आधी साच्याकडे जातो. लांबी-रुंदी ठरते, लोहार साचा करून देतो, विटा पडायला लागतात आणि मग पहिल्या कोपऱ्यावर गवंडी विचारतो, "इथे आता काय तोडू?" हा प्रश्न येऊ नये म्हणून क्रम उलटा धरावा. आधी सांधा, मग थर, मग कोपरा, मग वीट आणि सगळ्यांत शेवटी साचा.

सांध्याला एवढा मान का, ते भार आल्यावर कळतं. भिंतीत विटेच्या वर आणि खाली मसाल्याचा थर असतो आणि तो बहुधा विटेपेक्षा मऊ असतो. वरून दाब आला की मसाला चेपतो आणि कडेने बाहेर सरकायला बघतो. तो विटेला चिकटलेला असल्यामुळे सरकताना विटेलाही आडवी ताणतो. वीट दाब भरपूर सोसते, ताण मात्र फार थोडा. म्हणून भाराखाली हरलेली भिंत सहसा चुरडत नाही, ती उभी चिरते. प्रेसमध्ये एकटी वीट दाबल्यावर जो आकडा मिळतो, त्यापेक्षा त्याच विटेच्या भिंतीची ताकद बरीच कमी भरते ती यामुळेच.

युरोपच्या बांधकाम संहितेत, म्हणजे युरोकोड ६ मध्ये, हा हिशेब एका सूत्रात बसवलेला आहे. भिंतीची ताकद विटेच्या ताकदीच्या ०.७ घाताप्रमाणे वाढते आणि मसाल्याच्या ताकदीच्या ०.३ घाताप्रमाणे. म्हणजे विटेची ताकद दुप्पट केली तर भिंतीची ताकद सुमारे १.६२ पट होते. मसाल्याची दुप्पट केली तर जेमतेम १.२३ पट. सिमेंट ओतून भिंत भक्कम करायचा मार्ग महाग आणि आखूड आहे. शिवाय १:३ सारखा कडक मसाला सुकताना जास्त आकसतो आणि विटेपासून सुटतो. बहुतेक साध्या भिंतींना १ सिमेंट, १ चुना, ६ वाळू एवढं पुरतं. मसाला विटेपेक्षा थोडा कमजोरच बरा. भिंत थोडी हलली तर तडा सांध्यातून जातो आणि सांधा खरवडून पुन्हा भरता येतो. तडा विटेतून गेला तर वीट काढावी लागते.

याच गोष्टीतून विटेच्या आकाराबद्दल तीन मागण्या निघतात. आडवे सांधे कमी हवेत, म्हणजे वीट उंच हवी. सांधा पातळ हवा, म्हणजे विटेचं माप नेमकं हवं; वीट वेडीवाकडी असली की गवंडी तो फरक मसाल्यात लपवतो आणि १० मिमीचा सांधा १८ मिमीचा होतो. आणि बसण्याचा पृष्ठभाग सपाट हवा, कारण फुगीर तळ असलेली वीट मधल्या एका टेकडीवर उभी राहते आणि तिथूनच चिरते.

मापांचं गणित

सांधा १० मिमी धरा. मग विटेचं माप हे "सांध्यासकट माप उणे १०" एवढंच राहतं. सांध्यासकट २०० × १०० × १०० हवं असेल तर वीट १९० × ९० × ९० मिमी. जाडीत आडवी घातलेली वीट आणि लांबीत घातलेल्या दोन विटा यांची सांगड बसायची तर लांबी = २ × रुंदी + एक सांधा. १९० = २ × ९० + १०, जमलं. ब्रिटिश मापाची वीट २१५ × १०२.५ × ६५ आहे. तिथेही २ × १०२.५ + १० = २१५, आणि गंमत म्हणजे ३ × ६५ + २ × १० हेही २१५. त्यामुळे ती वीट उभी केली तरी तीन थरांना बरोबर भिडते. हे असं जुळणारं माप मिळालं की वीट तोडायचं काम निम्म्याने घटतं.

सांध्याचा भिंतीतला वाटा किती, तेही काढून ठेवा. १९० × ९० च्या दर्शनी बाजूत सांधे सुमारे १४.५ टक्के जागा खातात. ३९० × १९० च्या ब्लॉकमध्ये तोच वाटा ७.४ टक्के होतो. ६०० × २०० चा एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांनी हलक्या केलेल्या काँक्रीटचा) ३ मिमीच्या पातळ सांध्यात बसवला तर फक्त २ टक्के. मसाला, मजुरी आणि पाणी शिरायच्या जागा, तिन्ही एकदम कमी होतात. मात्र पातळ सांध्याला विटेच्या उंचीतला फरक लपवायला जागा नसते. ३ मिमीच्या सांध्याला ±१ मिमीच्या आत येणारी उंची हवी. हाताने थापलेल्या भाजक्या विटेकडून ती अपेक्षा ठेवू नये.

भिंतीचा नकाशाही याच मापात आखावा. दोन उघड्या जागांमधल्या भिंतीची लांबी म्हणजे पूर्ण मापांची बेरीज उणे एक सांधा: अर्ध्या ब्लॉकची २०० ची पाच मापं म्हणजे १००० उणे १०, म्हणजे ९९०. दार-खिडकीची उघडी जागा म्हणजे बेरीज अधिक एक सांधा: १२०० नव्हे, १२१०. हा वीस मिलिमीटरचा घोळ कागदावर सोडवला नाही तर प्रत्येक खिडकीशी एक कापलेला तुकडा बसतो.

कोपरा ही खरी परीक्षा. १९० रुंदीचा ३९० चा ब्लॉक कोपऱ्यावर वळवला की त्याची रुंदी सांध्यासकट २०० दिसते, म्हणजे बरोबर अर्धा ब्लॉक, आणि सांधेमोड, म्हणजे उभा सांधा खालच्या उभ्या सांध्यावर न येणं, आपोआप मधोमध साधते. तोच ब्लॉक १४० रुंदीचा केला की गणित बिघडतं. वळवलेला ब्लॉक सांध्यासकट १५० दिसतो, आणि पुढच्या सगळ्या थरांत उभे सांधे एकीकडे १५० तर दुसरीकडे २५० असे लंगडत जातात. यावर उपाय म्हणजे कोपऱ्यासाठी ३४० मिमी लांबीचा वेगळा ब्लॉक. पडताळा सोपा आहे: पहिल्या थरात सांधे ३५०, ७५० वर येतात, दुसऱ्यात १५०, ५५०, ९५० वर. फरक सगळीकडे २००. रुंदी ९० असेल तर हाच कोपऱ्याचा ब्लॉक २९० चा होतो.

म्हणून एकटा ब्लॉक आखू नका, कुटुंब आखा: पूर्ण, अर्धा, कोपऱ्याचा, वरून उघडा यू-आकाराचा (लिंटेल आणि पट्ट्यासाठी), आणि उभी सळई येणार असेल तर एका टोकाला उघडा, म्हणजे तो सळईवरून उचलून खाली आणावा न लागता बाजूने सरकवता येतो. अर्धा ब्लॉक साच्यातूनच काढा. पूर्ण ब्लॉक फोडून केलेला अर्धा कधीच चौकोनी नसतो.

वजन आणि हात

वीट एका हाताने उचलतात, दुसऱ्या हातात थापी असते. त्यामुळे रुंदी मुठीत मावेल एवढी, ९० ते ११५ मिमी, आणि वजन ३ किलोच्या आसपास. १९० × ९० × ९० ची भरीव वीट १.८ च्या घनतेने २.८ किलो भरते, हे बरोबर जमलेलं माप आहे. ब्लॉक दोन हातांनी उचलायचा. तो २० किलोच्या आत ठेवावा. ३९० × १९० × १९० चा काँक्रीटचा ब्लॉक भरीव केला तर ३१ किलोचा होतो आणि दुपारनंतर गवंडी तो ठेवत नाही, टाकतो. टाकलेल्या ब्लॉकखालचा मसाला एकदा पसरला की पुन्हा उचलून सरळ केलेला ब्लॉक नीट चिकटत नाही. अर्धा भाग पोकळ केला की वजन १५-१६ किलोवर येतं. पोकळ ब्लॉकचा हा फायदा उष्णतेच्या फायद्यापेक्षा जास्त रोजचा आहे.

पोकळी कुठे आणि किती

पोकळ ब्लॉकबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो: मधला पडदा जाड केला की ब्लॉक मजबूत. (कवच म्हणजे ब्लॉकची लांब बाहेरची बाजू, पडदा म्हणजे दोन कवचांना जोडणारी आडवी भिंत.) ३९० चा ब्लॉक घ्या: दोन बाजूंची कवचं ३० मिमी, दोन टोकांचे पडदे ३० मिमी, मधला पडदा ३० मिमी. आता वरचा थर अर्ध्या ब्लॉकने सरकवून ठेवा. वरच्या ब्लॉकचा मधला पडदा बरोबर खालच्या उभ्या सांध्यावर येतो. त्याच्या खाली काय आहे? दोन टोकांचे पडदे आणि त्यांच्यामध्ये १० मिमीचा सांधा, जो पडद्यांच्या भागात बहुतेक वेळा रिकामाच असतो. गवंडी मसाला कवचांवर लावतो, पडद्यांवर नाही. म्हणजे भार उतरतो तो फक्त दोन कवचांतून: २ × ३० × ३९० = २३,४०० चौरस मिमी, ब्लॉकच्या एकूण ७४,१०० च्या ३२ टक्के. माल वाढवायचाच असेल तर तो कवचात घाला. पडद्याचं काम कवचांना एकत्र धरायचं, ते थोड्या मालात होतं. अमेरिकेच्या एएसटीएम सी-९० या मानकात २०० मिमी रुंदीच्या ब्लॉकला कवच किमान ३२ मिमी आणि पडदा किमान १९ मिमी मागितला आहे, तो याच कारणाने.

पोकळ्या एकावर एक किती जुळतात तेही याच मापांतून कळतं. वरच्या उदाहरणात प्रत्येक पोकळी १५० मिमी लांब. पण थर सरकल्यावर दोन थरांतून आरपार दिसणारी जागा १३० मिमी उरते. उभी सळई आणि पातळ काँक्रीट भरायचं असेल तर हिशेब १५० चा नव्हे, १३० चा करायचा. आणि सांध्यातून आत लोंबणारा मसाला त्यातूनही १०-१५ मिमी खातो.

साच्यातून ब्लॉक सुटावा म्हणून पोकळीचा गाभा किंचित निमुळता असतो. साचा वर उचलला जातो, म्हणून गाभा वरच्या बाजूला रुंद लागतो; परिणामी ब्लॉक पडतो तेव्हा त्याची कवचं वर पातळ आणि खाली जाड असतात. भिंतीत तो उलटा करून बसवायचा. जाड बाजू वर आली की मसाल्याला रुंद बैठक मिळते आणि बोटांना पकड. हे सांगायचं राहिलं तर निम्मे ब्लॉक सुलटे, निम्मे उलटे बसतात आणि मसाला पोकळीत पडत राहतो.

भाजक्या विटेतल्या भोकांचं कारण वेगळं. ती भिंतीसाठी कमी आणि भट्टीसाठी जास्त असतात. ९० मिमी जाडीचा भरीव गोळा बाहेरून सुकतो तेव्हा आत ओला असतो. भोकं पाडली की कुठलाही भाग २०-२५ मिमीपेक्षा जाड राहत नाही, वाळणं आणि भाजणं दोन्ही एकसारखं होतं. भोकांचे कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यातून सुकतानाच केसासारखी भेग सुरू होते. उष्णता अडवायची असेल तर एक मोठी पोकळी ठेवण्यापेक्षा १५ ते २० मिमी रुंदीच्या अनेक ओळी कराव्यात. त्याहून रुंद पोकळीत हवा फिरायला लागते आणि उष्णता वाहून नेते. ओळी एकमेकींशी सरकलेल्या ठेवल्या तर मातीतून जाणाऱ्या उष्णतेची वाट लांबते.

भरीव विटेवरची खाच, जिला फ्रॉग म्हणतात, ती १०० × ४० × १० मिमी असली तर विटेच्या मालातला फक्त २.६ टक्के भाग वाचवते. तिचा खरा उपयोग साच्यात माती कोपऱ्यांपर्यंत दाबायला आणि मसाल्याला पकड द्यायला. खाच वर ठेवून पूर्ण भरली तरच. खाली ठेवली तर आत पोकळी राहते आणि वीट फक्त कडांवर टेकते.

मातीची वीट: आकसण्याचा हिशेब

मातीत चिकणमाती २० ते ३० टक्के, पोयटा २० ते ३५ टक्के, वाळू ३५ ते ५० टक्के असा मेळ विटेला मानवतो. पाहायची पद्धत: सरळ काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोराने हलवा. वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा तासा-दोन तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशी. थरांची उंची पट्टीने मोजा. हा अंदाज आहे, पण माती नाकारायला पुरेसा. चिकणमाती जास्त असेल तर वीट वाळताना चिरते आणि वाकते. वाळू जास्त असेल तर कडा हातात येतात.

साच्याचं माप मात्र अंदाजाने ठरवू नका. ताज्या विटेवर सुईने बरोबर १०० मिमी अंतरावर दोन खुणा करा, एक जोडी लांबीत, एक रुंदीत. यंत्रातून दाबून काढलेल्या विटेचं आकसणं दोन दिशांत सारखं नसतं, म्हणून दोन्ही हव्यात. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर मोजा. समजा १०० चे वाळून ९४ आणि भाजून ९२ झाले. एकूण ८ टक्के आकसलं. आता १९० ची वीट हवी तर साचा किती? १९० मध्ये ८ टक्के मिळवून २०५.२ ही नेहमीची चूक आहे. आकसतो तो साचा, वीट नव्हे. म्हणून १९० ला ०.९२ ने भागायचं: २०६.५. रुंदीही त्याच हिशेबाने ९७.८. २०५.२ च्या साच्यातली वीट १८८.८ ची निघते. सव्वा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण वीस विटा ओळीत लावल्या की २४ मिमी कमी भरतात.

भट्टीत एका कोपऱ्यात जास्त आच लागली आणि तिथे ९ टक्के आकसलं तर २०६.५ च्या साच्यातूनही १८८ ची वीट येते. माती जितकी जास्त आकसणारी असेल तितका हा फरक वाढतो. आकसणं कमी करायला वाळू किंवा भाजलेल्या विटांचा बारीक चुरा मिसळा; साचा मोठा करून हा फरक जात नाही.

वाळवताना पहिले दिवस महत्त्वाचे. मातीचे कण एकमेकांना टेकेपर्यंत वीट आकसत असते, नंतर फक्त पाणी जातं, आकार तोच राहतो. म्हणून सुरुवातीला सावली, आडोसा, वारा न लागणारी रचना. वीट फिकट आणि टणक झाल्यावर उघडं ऊन चालतं. एकाच बाजूने वारा लागला की वीट त्या बाजूकडे वाकते.

भाजताना चार ठिकाणं धोक्याची. २०० अंश सेल्सिअसच्या आत घाई केली तर आतली वाफ वीट फोडते. ७०० ते ९०० च्या टप्प्यात पुरेसा वेळ आणि हवा मिळाली नाही तर मातीतला कोळसा जळत नाही आणि विटेचं पोट काळं राहतं. त्यावर आच वाढवली तर वीट फुगते. सर्वांत वरची आच बहुतेक मातींना ९०० ते १,०५० अंश लागते. त्याखाली वीट पेलत नाही, वर गेली की खंगर होते, काचेसारखी कडक पण वाकडी. आणि थंड करताना ५७३ अंशांच्या आसपास वाळूतलं क्वार्ट्झ एकदम आकसतं. तिथे भट्टी उघडली की खण्णकन वाजणाऱ्या विटाही नंतर बद्द आवाज देतात.

चुनखडीचे खडे हा कपटी दोष. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो; वीट बाहेर चांगली दिसते आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ओलाव्याने चुना फुगून टवका उडवतो. मध्यभागी पांढरा ठिपका दिसला की समजावं. माती दळून खडे १ मिमीच्या आत आणा. हाती आलेल्या विटा असतील तर भट्टीतून काढल्याबरोबर पाण्यात पूर्ण बुडवून चुना आतच विझवतात.

वीट पाणी किती ओढते

ताकदीच्या आकड्यापेक्षा या आकड्याकडे जास्त लक्ष द्यावं, आणि नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. कोरडी, तहानलेली वीट मसाल्यातलं पाणी क्षणात ओढते. मसाला भुसभुशीत राहतो, वीट दुसऱ्या दिवशी हाताने उचलली तरी स्वच्छ निघते, तिच्या तळाला काही चिकटलेलं नसतं. उलट, अजिबात न ओढणारी गुळगुळीत वीट मसाल्यावर तरंगते आणि दोरीतून सरकते.

मोजायची पद्धत: वाळवलेली वीट तोला. पसरट ताटलीत ३ मिमी पाणी राहील असं करा, वीट बसण्याच्या बाजूने दोन पातळ आधारांवर ठेवा, बरोबर एक मिनिटाने उचला, ओल्या फडक्याने टिपून पुन्हा तोला. वाढलेलं वजन १९३.५ चौरस सेंटीमीटरच्या हिशेबात आणा. १९० × ९० ची वीट १७१ चौरस सेंटीमीटर. ती ३५ ग्रॅम ओढत असेल तर आकडा ३५ × १९३.५ ÷ १७१, म्हणजे साधारण ४०. हा आकडा ३० च्या वर गेला की वीट भिजवल्याशिवाय बसवू नये.

कामावर तराजू नसेल तर विटेच्या बसण्याच्या बाजूवर खडूने २५ मिमी व्यासाचं वर्तुळ काढा आणि आत पाण्याचे वीस थेंब सोडा. दीड मिनिटाच्या आत सगळं जिरलं तर वीट भिजवायला हवी. भिजवलेली वीट बसवताना आतून ओली आणि वरून कोरडी हवी. वरून पाणी गळणारी वीट ही कोरड्या विटेइतकीच वाईट. काँक्रीटचा ब्लॉक मात्र भिजवू नये. तो भिजून फुगतो आणि भिंतीत आल्यावर आकसून चिरतो. एएसी ब्लॉकवरून ओला ब्रश फिरवून धूळ काढली की पुरे.

चोवीस तास पाण्यात बुडवून मोजलेलं शोषण वेगळं. साध्या भाजक्या विटेत ते २० टक्क्यांच्या आत असावं. लोण्यासाठी, म्हणजे पांढऱ्या क्षारासाठी, वीट उभी २५ मिमी शुद्ध पाण्यात ठेवून सगळं पाणी वर चढून सुकू द्या आणि मग बघा. दहा टक्क्यांपर्यंत पृष्ठभाग पांढरा झाला तर किरकोळ, पन्नासच्या वर गेला तर ती माती किंवा ते पाणी बदला. रंग लावून लोणा झाकत नाही, तो रंगाला घेऊनच सुटतो.

काँक्रीटचा ब्लॉक

सुरुवातीला मापाने १ सिमेंटला ८ वाळू-खडी एकत्र घेऊन चाचणी करा आणि दाबाच्या आकड्यावरून पुढे-मागे व्हा. खडीचा सर्वांत मोठा कण सर्वांत पातळ भागाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको: ३० मिमीचं कवच असेल तर १० मिमी. मोठी खडी कवचात अडकून कमान करते आणि तिच्याखाली पोकळी राहते.

पाणी किती हे मुठीत कळतं. माल दाबून गोळा केला की तो उघड्या तळव्यावर टिकला पाहिजे आणि तळवा ओलसर झाला पाहिजे, बोटांतून पाणी मात्र येता कामा नये. कोरडा असेल तर साचा उचलताना कडा ढासळतात. ओला असेल तर कवचं पोटासारखी बाहेर येतात आणि उंची कमी भरते. कंपन आणि दाब एकत्र हवेत.

पहिले चोवीस तास झाकून, वारा-ऊन लागणार नाही असे ठेवा, पाणी ओतू नका. नंतर ७ ते १४ दिवस ओले. मग पाऊस लागणार नाही अशा जागी, मधून हवा खेळेल असे रचून, २८ दिवस पूर्ण होईपर्यंत वाळू द्या. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि भिंतीतले बहुतेक तडे इथूनच येतात. ब्लॉक ०.०६ टक्के आकसला तरी ६ मीटरच्या भिंतीत ३.६ मिमी होतात. ते आकसणं ढिगात होऊ द्यायचं की भिंतीत, एवढाच पर्याय तुमच्याकडे असतो. लांब भिंतीत ठरवून उभा मोकळा सांधा सोडा.

भाजकी वीट याच्या उलट वागते. भट्टीतून निघाल्यापासून ती हवेतला ओलावा घेत किंचित वाढते, सुरुवातीला भरभर, नंतर वर्षानुवर्षं हळूहळू. एकाच भिंतीत ताजी वीट आणि ताजा ब्लॉक गुंफले तर एक वाढतो, दुसरा आकसतो. दोघांमध्ये सरकायला जागा ठेवा किंवा मिसळूच नका.

न भाजलेला, दाबलेला मातीचा ब्लॉक

१९५० च्या दशकात बोगोटा इथे राऊल रामिरेझ यांनी हाताच्या तरफेने चालणारं सिनव्हा-रॅम हे यंत्र घडवलं आणि हा प्रकार जगभर गेला. इथे चिकणमाती कमी लागते, आकसणं सिमेंटचं प्रमाण ठरवतं. ६०० × ४० × ४० मिमीच्या आतून तेल लावलेल्या पेटीत ओली माती दाबून भरा, पूर्ण वाळू द्या आणि टोकाशी पडलेली फट मोजा. १५ मिमीच्या आत असेल तर १ भाग सिमेंटला १८ भाग माती. १५ ते ३० असेल तर १:१६. ३० ते ४५ ला १:१४. ४५ ते ६० ला १:१२. त्याहून जास्त आकसली तर आधी वाळू मिसळा. ओलावा पाहायला मुठीत गोळा करून १ मीटरवरून कडक जमिनीवर सोडा: चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, भुगा झाला तर कोरडी, चपटा झाला तर ओली. सिमेंट मिसळलेला माल अर्ध्या तासात दाबून संपवा.

एकमेकांत अडकणारे, मसाल्याशिवाय रचायचे ब्लॉक याच यंत्रांतून बनतात. त्यांची खाच आणि उंचवटा यांत एक-दीड मिलिमीटर सैलपणा ठेवा, नाहीतर एक कण अडकला की ब्लॉक बसत नाही. पण त्यांची परीक्षा उंचीची आहे. मसाला नाही म्हणजे चूक लपवायला जागा नाही. प्रत्येक थरात १ मिमीचा फरक एकाच बाजूला आला तर पंधरा थरांत १५ मिमी. साच्यात माती नेहमी तोलूनच टाका, मापाने नाही, आणि पहिला थर तेवढा मसाल्यात, लेव्हलवर बसवा.

साचा पक्का करण्याआधी

लाकडी किंवा तात्पुरत्या साच्यातून शंभर-दीडशे नग काढा आणि पुढचं सगळं करून बघा.

वीस विटा कोरड्या ओळीत लावून एकूण लांबी मोजा. १९० ची वीट असेल तर ३,८०० मिमी अपेक्षित. ८० मिमी इकडे-तिकडे ही भारतीय मानकातली सूट आहे. मात्र बेरजेत एक लांब आणि एक आखूड एकमेकांना झाकतात. म्हणून त्याच वीस विटा सुट्याही मोजा आणि सर्वांत मोठी व सर्वांत लहान यांतला फरक लिहून ठेवा. सांध्याला जाच होतो तो या फरकाचा, सरासरीचा नव्हे.

सहा नग सुटे दाबा. मग चार विटा मसाल्यात एकावर एक रचून, उंची जाडीच्या २ ते ५ पट राहील असा खांब करा आणि २८ दिवसांनी तो दाबा. खांबाचा आकडा सुट्या विटेच्या मानाने फारच पडला तर विटेचा तळ, सांध्याची जाडी आणि पाणी ओढण्याचा आकडा, या क्रमाने बघा. सिमेंट वाढवणं हे यादीत शेवटी.

शेवटी एक कोपरा आणि एक खिडकीची कड असलेली, एक मीटर उंचीची भिंत गवंड्याकडून बांधून घ्या. मध्ये सूचना देऊ नका. दहा थर झाल्यावर उंची मोजा. १०० च्या मापात ती १,००० मिमी यायला हवी. तोडलेल्या विटा एका बाजूला जमवायला सांगा आणि मोजा. दुसऱ्या दिवशी वरच्या थरातली एक वीट काढून तिचा तळ पाहा: मसाला सगळीकडे चिकटलेला असेल तर विटेचं पाणी जमलं आहे, मधोमध कोरडा गोल असेल तर तळ फुगीर आहे, कडांनाच चिकटला असेल तर खाच उलटी बसली आहे किंवा नीट भरलेली नाही. गवंड्याने कुठल्या बाजूने वीट धरली, कुठे फिरवून घेतली, कुठे थापीने ठोकलं, हेही टिपून ठेवा. साच्यात बदल करायचे ते या नोंदींवरून, आणि लोखंडी साचा त्यानंतरच टाकायला द्यायचा.